पिवळी खूण

घाटाच्या पायथ्याशी, पेठेच्या एका गावात एकदा एक वृद्ध मिस्त्री होता. दुचाकीच्या कामात त्याचा हात धरील असा त्या पंचक्रोशीत कोणी नव्हता. रस्त्यावरून गाडी गेली की मान न वळवता तो सांगे, "हिची चेन कोरडी पडलीय." लोक त्याला वस्ताद म्हणत.

त्याच्या हाताखाली एक शिष्य नऊ वर्षे काम शिकत होता. सातवीनंतर त्याची शाळा सुटलेली, बोलणे बेताचे, पण हातात सफाई उत्तम. वस्तादाने त्याला शब्द दिला होता, की येत्या खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की तू गावाच्या दुसऱ्या टोकाला स्वतःचे गॅरेज घाल. शिष्याने नावाचा फळाही रंगवून आणला होता. मुहूर्ताआधी मिरवणे बरे नव्हे, म्हणून तो मागच्या भिंतीला पालथा टेकवून ठेवला होता. दिवसातून एकदा तरी तो त्याच्यावरची धूळ पुसून यायचा.

खंडेनवमीला पाच दिवस उरले असताना मिरचीचा एक व्यापारी आपली गाडी ढकलत गॅरेजात आला. हा गृहस्थ दर आठवड्याला घाटावरच्या गावांत जाई आणि मिरचीची दोन पोती मागे बांधून खाली उतरे. गाडी नव्या पद्धतीची होती. तिला कार्ब्युरेटर नव्हता. इंजिनाला पेट्रोल किती द्यायचे हे तिच्यातला एक छोटा संगणक ठरवी.

"उभी केली की बंद पडते रे," व्यापारी म्हणाला. "किका मारून मारून माझी तंगडी गेली कामातून."

शिष्याने गाडी चालू करून कान लावला. गाडी उभी असताना इंजिनाने मंद फिरत राहावे, याला गॅरेजात 'स्लो' म्हणतात. या गाडीचा स्लो पार खाली गेला होता. जिथून इंजिनात हवा जाते तिथे एक झडप असते, आणि झडप कुठवर मिटावी हे एक बारीक स्क्रू ठरवतो. तो कोणी हलवू नये म्हणून त्या स्क्रूवर कारखान्यातूनच पिवळ्या रंगाचा ठिपका मारलेला होता. शिष्याला तो दिसला. पण जुन्या गाड्यांवर असाच स्क्रू त्याने हजार वेळा पिळला होता. त्याने पेचकस लावला आणि अर्धा फेरा दिला. इंजिन गोड सुरात चालू लागले.

"वा रे पठ्ठ्या," व्यापारी म्हणाला. मग समोरच्या चहाच्या टपरीवर बसलेल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याने आत हाक दिली, "वस्ताद, तुम्ही आता घरी बसा. तुमचा चेला तुमच्या वर गेला."

टपरीवरची माणसे हसली. शिष्याने मान खाली घातली, पण त्याला ते गोड लागले.

हात पुसत वस्ताद बाहेर आला आणि गाडीपाशी वाकला. त्याने तडकलेला पिवळा ठिपका पाहिला. शिष्याच्या हातातला पेचकस काढून घेतला आणि तो स्क्रू उलटा फिरवत गेला. इंजिन दोनदा खोकले आणि बंद पडले. वस्तादाने किल्ली काढून आपल्या खिशात टाकली.

"शेट, गाडी आज मिळायची नाही. उद्या या."

"अहो, चालू होती की चांगली."

"होती."

"म्हणजे चालू गाडी बंद करून ठेवता?" व्यापाऱ्याने टपरीकडे पाहून डोळा मिचकावला. "बघा मंडळी, चेल्यानं जोडायचं आणि गुरूनं मोडायचं. नवं दुकान निघायच्या आधीच पाय ओढायला सुरुवात."

व्यापारी निघून गेला, पण त्याचा शब्द कुसळासारखा शिष्याच्या मनात रुतून राहिला. तोवर त्याच्या मनात असे काही आलेही नव्हते. आता मात्र नऊ वर्षांतल्या नाही नाही त्या गोष्टी त्याला आठवू लागल्या. उन्हाळ्यात पत्र्याखाली केलेली कामे आठवली. "ठीक आहे" याखेरीज कधी न मिळालेली शाबासकी आठवली. आज कोणीतरी चार शब्द चांगले बोलले, तर म्हाताऱ्याने तेही चारचौघांत पुसून टाकले. ही बातमी संध्याकाळपर्यंत गावभर होणार होती. ज्याचे काम त्याच्याच गुरूने उलटे फिरवले, त्याच्या दारात गाडी घेऊन कोण येणार?

त्याने हातातले फडके आपटले.

"वस्ताद, चुकलं असेल तर आत बोलावून सांगायचं. थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. पाच दिवसांनी मला ह्याच गावात दुकान उघडायचंय. उघडू द्यायचं नसेल तर तसं तोंडावर सांगा."

"झालं बोलून?"

"नाही झालं."

"मग बोल."

शिष्याने फडके उचलून खांद्यावर टाकले. वस्तादाने खिशातून किल्ली काढून पुढे केली.

"स्क्रू तू ठेवला होतास तिथंच परत आण. आपण घाटात जाऊन येऊ. शेटच्या पोत्यांच्या जागी मी बसतो. वजनाला कमी पडेन, पण बघू."

शिष्याने स्क्रू परत पिळला. हाताला राग होता, तरी हात अचूक होता. इंजिन पुन्हा त्याच सुरात वाजू लागले. चढणीला गाडी सुरेख ओढत गेली. प्रत्येक वळणावर तो मनात म्हणत होता, ऐका, ऐका आता. माथ्यावर पोचून त्यांनी गाडी वळवली.

उतार लागला. पहिल्या वळणाशी शिष्याने ॲक्सिलरेटरची मूठ सोडली, तरी गाडी म्हणावी तशी आवरली नाही. त्याने ब्रेक दाबला. दुसऱ्या वळणाशीही तसेच झाले. तिसरे वळण कड्याच्या अंगाला होते. तिथे त्याने मूठ पूर्ण सोडली, दोन्ही ब्रेक दाबले, आणि तरीही कोणीतरी पाठीला हात लावून पुढे लोटावे तशी गाडी पुढे जात राहिली. कठड्यापासून हातभर अंतरावर ती कशीबशी वळली.

"मूठ सोड," मागून वस्ताद म्हणाला.

"सोडलीय."

"मग ही कोणाच्या सांगण्यावरून चाललीय?"

शिष्याने गाडी कडेला घेतली. ब्रेकचा जळका वास येत होता. त्याच्या डोळ्यांसमोर मिरचीची दोन पोती आली, सायंकाळचे धुके आले आणि हाच कठडा आला.

वस्ताद एका दगडावर बसला. त्याचा आवाज शांत होता, पण त्या शांततेखाली संताप होता, आणि नऊ वर्षांत शिष्याने तो प्रथमच ऐकला.

"ह्या गाडीच्या संगणकाला डोळे नाहीत. झडप किती उघडली हे त्याला एकटा सेन्सर सांगतो. मूठ सोडली की सेन्सरनं शून्य सांगायचं. शून्य ऐकलं की तो उतारावर पेट्रोल तोडतो आणि गाडी आपणहून आवरते. तू मिटलेली झडप थोडी उघडी ठेवलीस. सेन्सरनं जे होतं ते सांगितलं. संगणकाला वाटलं, मालक अजून पुढं जा म्हणतोय. दोघंही खोटं बोलले नाहीत. त्यांचं शून्य तू हलवलंस."

"पण गाडी बंद पडत होती," शिष्य पुटपुटला.

"झडपेवर काजळी बसली होती म्हणून. हवा जायला वाट नव्हती. मळ काढायला अर्धा दिवस लागतो आणि हात काळे होतात. स्क्रू पिळायला क्षण पुरतो. तू मळ ठेवलास आणि शून्य सरकवलंस. आवाज मात्र छान काढलास. मला कान आहेत रे. तो आवाज मलाही आवडला. म्हणूनच भीती वाटली."

शिष्याने विचारले, "पण हे चारचौघांत कशाला?"

"शाबासकी कुठं घेतलीस?"

शिष्य गाडीकडे वळला. त्याचा राग ओसरला नव्हता. फक्त तो आता वस्तादावर नव्हता. अर्धा फेरा देणाऱ्या त्या हातावर होता, आणि मान खाली घालून गोड मानून घेणाऱ्या त्या मनावर होता. उरलेला घाट तो पहिल्या गिअरमध्ये, पायी चालल्यासारखा उतरला.

गॅरेजात पोचल्यावर त्याने झडपेचा सगळा भाग सोडवला. मऊ कापडाने काजळी पुसता पुसता त्याचे हात कोपरापर्यंत काळे झाले. मग कंपनीच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे झडप जिथवर मिटायला हवी तिथवर मिटवली. सेन्सरचे स्क्रू ढिले केले, मीटर लावला, आणि केसाकेसाने सेन्सर फिरवत काटा नेमक्या आकड्यावर आणला. सगळे घट्ट केल्यावर, शेवटी, हवेच्या वेगळ्या स्क्रूवर त्याने स्लो बसवला. आवाज आधीइतका गोड नव्हता. साधा होता. त्याने तो बराच वेळ ऐकला आणि स्क्रूवर नवा पिवळा ठिपका मारला.

दुसऱ्या दिवशी व्यापारी आला तेव्हा टपरी भरलेली होती. त्याने गाडी चालू केली आणि भुवया वर केल्या.

"काल ह्याच्याहून बरी वाजत होती की रे."

शिष्य उठून टपरीला ऐकू जाईल इतका पुढे आला. इतक्या माणसांसमोर तो कधी बोलला नव्हता.

"शेट, काल मी चुकीचं काम केलं होतं. घाटात ती तुम्हाला कठड्यावर घेऊन गेली असती. वस्तादांनी बंद केली ते बरोबर केलं."

"अरे, पण काल वाजत होती ती?"

"काल नुसती वाजत होती," शिष्य म्हणाला.

टपरीवर कोणी हसले नाही. व्यापाऱ्याने काही क्षण त्याच्या काळ्या हातांकडे पाहिले, मग गाडी घाटाच्या दिशेने वळवली.

वस्ताद एका टायरचे पंक्चर काढत होता. मान वर न करता तो म्हणाला, "खंडेनवमीला तुझा फळा पूजेत ठेवू. आत्ताच पुसून ठेव."

शिष्य मागे गेला. भिंतीला पालथा असलेला फळा त्याने सुलटा केला. त्यावर धूळ नव्हतीच, तरी त्याने तो पुसला.

आपल्या घरात, गावात, मनात काही बंद पडू लागले, की मळ काढण्याचा कंटाळा करून आपण शून्य सरकवतो आणि सगळे छान वाजते आहे म्हणून एकमेकांची पाठ थोपटतो. घाटाची उतरण मात्र ठरलेली असते.