कैरीने रंगवलेला चाकू

चाकू बोलत असत त्या काळातली ही गोष्ट. खोटी वाटली तर वाटो. मालवणात विलायती घडीच्या चाकूंचे शौकीन जमले होते. कुणी शिंगाची मूठ कुरवाळत होतं, कुणी पातं मिटतानाचा 'खट' आवाज शेजाऱ्याला ऐकवत होतं.

त्यांच्यातल्याच इंदिराक्कांच्या चाकूचं पोलाद वर्षानुवर्षं कैऱ्या कापून काळंनिळं झालं होतं. मखमलीतला कोरा चाकू त्याला हसला, "काळतोंड्या, आधी साणेवर घासून ये!" शौकीनही म्हणाले, "अक्का, घासून पांढरा करून देऊ?"

काळा चाकू हादरला. तो रंग म्हणजे त्याची आयुष्यभराची कमाई होती.

अक्का कडाडल्या, "खबरदार! आधी कैऱ्या कापा, मग बोला."

काळ्याने सपासप फोडी पाडल्या. कोऱ्यानेही कापल्या, आणि थोड्याच वेळात कैरीच्या आंबट रसाने त्याच्या लखलखीत पात्यावर मोरपिशी डाग उमटले.

"आई गं, मी बाटलो!" तो किंचाळला.

"रडतोस काय, गाढवा?" काळा गरजला. "आज कुठे तू चाकू झालास!"

तो रंग पाहून शौकीन खुळावले. "अक्का, माझाही रंगवा!" म्हणत प्रत्येकाने चाकू उघडला.

त्या दिवशी मालवणात लोणच्याला बरण्या पुरल्या नाहीत.