हातांना भुललेली यंत्रे

एका राज्यात यंत्रांना कान नव्हते, डोळे होते. दगडी जाते, पितळी हत्ती आणि धरणाचा लोखंडी दरवाजा, ही तिन्ही कालकेतू जादूगाराने घडवलेली. राजा दुर्गसेनाने हाताने खूण केली की ती चालत. पण राजाने भर दरबारात कालकेतूची थट्टा केली. "आजपासून ही कोणाच्याही हाताला भुलतील!" असा शाप देऊन तो अंतर्धान पावला.

मग कोणी माशी हाकलली की जाते गरगरे, कोणी मान खाजवली की हत्ती उधळे.

सर्वांत हाल झाले भरतकाम करणाऱ्या चित्रांगीचे. तिला जन्मापासून ऐकू येत नसे. ती हातांनीच बोले. तिने धरणासमोर बहिणीकडे पाणी मागितले, तर धरणाचा दरवाजा उघडून खालची पेठ गुडघाभर बुडाली. राजाने फर्मान काढले, "हिचे हात बांधा."

महिनाभर ती चरफडत बसली. मग खिडकीत एक राघू आला. त्याचे बोलणे तिला कानांवाचून कळे, आणि तिचे त्याला हातांवाचून.

"यंत्रांना हात दिसतात, माणूस दिसत नाही," राघू म्हणाला. "तिघांना माणूस दाखव. शाप तुटेल."

चित्रांगीने दातांनी दोर तोडला.

जात्याकडे पाठ करून तिने हात हलवले. ते फिरले. तिने त्याच्या काचेच्या डोळ्यावर थप्पड मारली. मग डोळ्याला डोळा भिडवून खूण केली, "आता फिर." पुन्हा पाठ, पुन्हा गरगर, पुन्हा थप्पड. "अरे दगडा, तुझ्याशी नाही बोलत मी!" शंभरदा झाले, तेव्हा कुठे जाते शहाणे झाले. हत्ती त्याहून मठ्ठ. भाजीची चार दुकाने तुडवून मग त्याला उमगले.

धरण मात्र काठोकाठ भरलेले. तिथे एकही चूक चालणार नव्हती.

"तिघांत मंत्र एकच," राघू म्हणाला. "दोघे शिकले ते तिसऱ्याला कळले असेल."

असेल? तिने भुवया उंचावल्या. राघू चोचीने पंख साफ करू लागला.

तिचा निरोप राघूने राजाला दिला, "पेठ रिकामी करा. आपण दरवाजाखाली उभे राहा."

"मी?"

"थट्टा कोणी केली, महाराज?"

राजा उभा राहिला. चित्रांगीने दरवाजाकडे पाठ केली, हात उंच उचलले आणि महिन्याभराचे तुंबलेले सारे बोलली. "घोटभर पाण्यापायी मी दोरात! ज्याच्या जिभेने राज्य बुडवले, तो सिंहासनावर!" राघू शब्दन् शब्द ओरडून सांगत होता.

दरवाजा एकदा करकरला. राजाने डोळे मिटले. मग लोखंड शांत झाले, तशी चित्रांगी मागे वळली.

"चुकलो, बाई," राजा म्हणाला. तिने ते त्याच्या ओठांवर वाचले.

शाप तुटला. जाते सांगितल्यावरच दळू लागले, हत्ती ओझी वाहू लागला, पेठ कोरडी राहिली. चित्रांगी मात्र त्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत बोलत होती, आणि राजा हात जोडून ऐकत होता.