रेणूचा गोरा रंग

नदीकाठच्या एका गावात भागीरथीबाई नावाची खात्यापित्या घरची आजी राहत होती. नातीच्या गोरेपणाचा तिला भारी तोरा. "आमचं घर सगळं सावळं, ही तेवढी केतकीचं पान!" असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. बायकाही रेणूची दृष्ट काढून कडाकडा बोटं मोडायच्या. रेणू दीड वर्षांची होती. ती रडत नसे, रांगत नसे, मांडीवर ठेवली तर तशीच बसून राही. मधूनच भिंतीची माती चाटी. "किती गुणी लेकरू!" गाव म्हणे. अहो, रडायलासुद्धा अंगात रक्त लागतं! पण एवढं बोलायची कुणाची छाती नव्हती.

रेणूची आई शेवंता मात्र लेकीचे गार हातपाय पुन्हा पुन्हा चोळत बसायची. अंगणवाडीच्या जनाताईंनी तिला एकदा बाजूला घेऊन लोहाच्या भुकटीच्या पुड्या दिल्या. "रोज एक पुडी. लेकराच्या वाटीतल्या कोमट भातात घालायची आणि ती वाटी तिलाच संपवू द्यायची. शी काळी होईल, घाबरू नकोस."

चौथ्या दिवशी शी काळी झाली. भागीरथीबाईनं घर डोक्यावर घेतलं. "बघा, पोर आतून काळी व्हायला लागली! उद्या कातडीवर येईल!" तिनं उरलेल्या पुड्या चुलीत टाकल्या. शेवंता समोरच उभी होती. जनाताईंचा शब्दन् शब्द तिला आठवत होता. पण सासूपुढं तोंड उघडायचं नाही, ही माहेरची शिकवण. तिनं मान खाली घातली. गावात या आज्ञाधारकपणाचंही कौतुक झालं.

लेकरू मात्र खंगत चाललं. दोन घास खाल्ले तरी रेणूला धाप लागायची.

संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. आजीनं रेणूला हलव्याचे दागिने घालून मधोमध बसवलं. जनाताईही आल्या. त्यांनी वाकून रेणूच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं हळूच ओढली.

"बायांनो, गाल काय बघता, इथं बघा. इथं लाल हवं. हे चुन्यासारखं पांढरं आहे."

"वाण घ्यायला आलीस की खोड काढायला?" भागीरथीबाई कडाडली. "आमचं लेकरू देखणं, म्हणून तुझं पोट दुखतंय होय?"

घरात वीस बायका होत्या. प्रत्येकीनं ती पापणी पाहिली होती. पण सगळ्यांच्या तोंडात तिळगूळ होता, मग बोलणार कोण!

शेवंतानं सासूकडं पाहिलं, मग लेकीकडं. ती उठली, आत गेली आणि वाटीत मऊ भात घेऊन आली.

"ताई, पुडी आहे ना जवळ?"

जनाताईंनी पिशवीतून पुडी काढून दिली. शेवंतानं ती सगळ्यांदेखत फोडली, भातात कालवली. भागीरथीबाईनं तिचं मनगट धरलं.

"अगं, काळी पडली तर हिच्याशी लग्न कोण करील?"

"आत्याबाई, आधी तिला पायांवर उभी तर राहू द्या!"

आयुष्यात पहिल्यांदा तिनं सासूला उलट उत्तर दिलं होतं. मनगट सोडवून तिनं पहिला घास भरवला. दुसऱ्याच दिवशी तिनं रेणूला दवाखान्यात नेलं आणि रक्त तपासून घेतलं. डॉक्टरांनी सांगितलं तसं औषधपाणी केलं. ना काही लपवलं, ना कुणाला विचारलं.

उन्हाळा लागेपर्यंत रेणू आईसारखी सावळी दिसू लागली. दिवाळीच्या सुमारास एके दिवशी ती आजीची काठी उचलून अंगणभर पळत सुटली. आजी उंबऱ्यावर बसून ओरडत होती, "धरा गं हिला, धरा!" आणि शेवंता तिला धरायला काही उठत नव्हती.

तात्पर्य: लेकराच्या रंगावर भाळून त्याच्या रक्ताकडे डोळेझाक करणं हा गुन्हा आहे, आणि ते दिसत असूनही मोठ्यांचा मान राखण्यासाठी गप्प बसणारे सगळे त्या गुन्ह्याचे भागीदार आहेत.