मातीला पाठ

"मी पैलवान हाय का पेशंट, ते एकदा सांगून टाका वस्ताद!"

धैर्यशीलचा आवाज तालमीच्या पत्र्यावर आदळला. आईबापानं नाव हौसेनं ठेवलं होतं, पण पोराच्या अंगात धीर औषधालाही नव्हता.

बाबालाल वस्ताद खुर्चीत बसले होते, हनुवटी काठीच्या मुठीवर टेकून. त्यांनी मान वर केली नाही.

"उताणा झोप," ते म्हणाले. "पाय उचल."

"न्हाई झोपणार."

दुपारची वेळ. पोरं कॉलेजात नाहीतर रानात गेलेली, तालीम मोकळी होती. लाल मातीच्या हौद्यात तीन माणसं ओळीनं उताणी पडली होती. बायपास झालेले मगदूम मास्तर. परांचीवरून पडून मांडीत सळई बसलेला किसन गवंडी. आणि गर्भपिशवीचं ऑपरेशन झालेली, बाजारात भाजी विकणारी शालनमावशी, लुगड्याचा काचा मारून.

टाके सुकले की डॉक्टर अशी माणसं वस्तादांकडे पाठवत. कुणी काय करायचं ते डॉक्टर सांगत, करून घेत वस्ताद. चौघांच्या वर पाचवा घ्यायचा नाही, हा त्यांचा दंडक. प्रत्येकाचा पाय नजरेत राहिला पाहिजे, म्हणत.

चौथा धैर्यशील होता.

त्याच्या गुडघ्याची शीर शिवलेली. बाकीचे सगळे व्यायाम तो सांगितल्याच्या दुप्पट करायचा, दात-ओठ खाऊन करायचा. फक्त हा एक नाही. पैलवानाची पाठ मातीला लागली की तो हरला, हे त्याला मिसरूड फुटायच्या आधीपासून शिकवलेलं. शिकवलं कुणी? याच बाबालाल वस्तादांनी. घरी खाटेवरसुद्धा तो कुशीवर झोपायचा.

आणि त्याच्याशिवाय उजवी मांडी काही भरत नव्हती. ती भरली नाही तर गुडघा पुन्हा निसटेल, मग कुस्ती विसरायची, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं.

"जत्रेच्या मैदानाला माझं नाव द्या," धैर्यशील म्हणाला. वस्तादांनी शब्द टाकल्याशिवाय त्या मैदानात कुणाची जोड लागत नसे.

"न्हाई."

"का न्हाई?"

"उताणा झोप."

"अरं बाबा, झोप की मुकाट्यानं," शालनमावशी पडल्या पडल्या म्हणाली. "आमी काय मेलाव व्हय उताणं पडून?"

"तुमचं काय जातंय मावशी? तुमी पडला काय आन् उभं ऱ्हायला काय, कोण इचारतंय तुमाला?"

मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

शालनमावशी उठून बसली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"न्हाई इचारत कोण," ती म्हणाली. "खरं हाय तुझं. म्हणून काय बसून ऱ्हाऊ?"

ती परत आडवी झाली आणि तिनं पाय उचलला. रागानं उचलला, चांगला वीतभर वर गेला.

धैर्यशीलला लाज वाटली. पण लाजेनंही राग खाली बसेना, उलट आणखी भडकला. मग इतके महिने पोटात ठेवलेलं बाहेर पडलं.

"गेल्या मैदानात माझा गुडघा निसटला. पाठ लागली माझी, सगळ्या गावासमोर. लोक शिट्ट्या मारत व्हते! माझा बाप धावला, हलगीवाला हलगी टाकून धावला. तुमी? तुमी खुर्चीतनं उठलाबी न्हाई वस्ताद! खुर्चीचे हात धरून नुसते बघत बसलासा. ज्याला तुमी घडवला, त्याला मातीतनं उचलायला तुमी आला न्हाईसा!"

…

वस्तादांना असं कुणी बोललेलं किसननं ऐकलं नव्हतं. उभ्या हयातीत ज्याची पाठ मातीला लागली नाही, असा एकच माणूस त्या भागात होता आणि तो त्या खुर्चीत बसला होता.

वस्तादांनी खुर्चीचे हात धरले. जोर लावला. अर्धे उठले आणि परत बसले. पुन्हा जोर लावला. मानेच्या शिरा तटतटल्या, हात थरथरले. बऱ्याच वेळानं ते उभे राहिले.

धैर्यशील बघत राहिला. मैदानातही ते हात असेच थरथरत होते, हे त्याला आत्ता आठवलं. तेव्हा त्याला तो वस्तादांचा राग वाटला होता.

वस्तादांनी काठी भिंतीला लावली. डोक्यावरची टोपी काढून खुंटीला अडकवली. भिंत धरून हौद्यात उतरले, चिमूटभर माती कपाळाला लावली. मग खाली वाकले आणि बसता बसता कोसळलेच.

"अवो वस्ताद!" किसन ओरडला.

वस्ताद हळूहळू मागं झाले. खांदे टेकले. मग पाठ टेकली. सबंध पाठ, लाल मातीला.

मास्तर उठून बसले आणि त्यांचा हात आपोआप छातीवर गेला.

"उचल मला," वस्ताद म्हणाले.

धैर्यशील वाकला. म्हाताऱ्याच्या काखेत हात घातले. बाहू तर बैलासारखे होते त्याचे. पण भार उजव्या पायावर आला, गुडघा लटपटला आणि तो मातीत बसला. पुन्हा उठला. शिवी हासडली, स्वतःच्याच पायाला. पुन्हा हात घातले, पुन्हा गुडघा गेला. या वेळी वस्तादही त्याच्याबरोबर परत खाली आदळले.

किसन आणि मास्तर पुढं सरसावले.

"हात लावू नगा!" वस्ताद गरजले. "ह्यानंच उचलायचं."

"आन् ह्याच्यानं न्हाई झालं तर?" शालनमावशी कडाडली. "रातभर पडून ऱ्हाणार व्हय हितं? ह्या वयात ही थेरं!"

वस्ताद छपराकडे बघत होते.

धैर्यशील उभा होता. दार उघडं होतं. चार पावलं टाकली असती तर तो बाहेर गेला असता, आणि मनात तेच होतं. डोळ्यांत पाणी आलं होतं. त्या पाण्याचाही त्याला राग आला.

"तुमी मुद्दाम करतासा," तो म्हणाला.

"व्हय."

…

तो खाली बसला. कोपर टेकलं. एक खांदा टेकला, मग दुसरा. पाठ टेकायला सर्वांत जास्त वेळ लागला.

माती गार होती. इतकी वर्षं या तालमीत काढली, पण पत्र्याला कुठं कुठं भोकं पडलीत हे त्याला माहीतच नव्हतं.

त्यानं गुडघा ताठ केला. पाय उचलला. चार बोटं वर गेला, लटलट कापला आणि पडला. पलीकडं शालनमावशीनं आपला पाय वर धरला होता. ती त्याच्याकडे बघत नव्हती, पण खालीही ठेवत नव्हती.

"असं किती दिवस चालायचं वस्ताद?" रागानं त्याचा आवाज फाटला होता. "किती दिवस?"

वस्ताद त्याच्या शेजारीच उताणे पडलेले. त्यांनी मान वळवली नाही.

"मी हाय की हितं पडलेला. तू पाय उचल."