धोंड्यापर्यंतची धाव

त्या मुलखात साळिंदरं नदीकाठच्या मऊ मातीत बिळं करून राहत. माती खणायला सोपी होती, कंद पोटभर मिळत, आणि महापूर पाहिलेलं कोणीही आता जिवंत नव्हतं.

पूर येऊन गेला होता हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. त्यातून वाचलेल्यांनी टेकडीवर, जिथे पाणी पोचलं नव्हतं तिथे, एक मोठा गोल धोंडा ठेवला होता आणि पोराबाळांना बजावलं होतं, की नदी चढू लागली की इथवर पळा. तेव्हापासून दरवर्षी पावसाळ्याआधी पोरांची धाव होई. पंचांच्या पहिल्या शिट्टीला बिळातून निघायचं, धोंड्याला हात लावायचा, आणि दुसरी शिट्टी होईपर्यंत तो काढायचा नाही. काढला की बाद.

पुढे पंच अंगाने सुटले. बक्षीस वाटायला टेकडी चढताना त्यांना धाप लागू लागली, म्हणून एका वर्षी धोंडा जरा खाली, सावलीच्या झाडापाशी आणला गेला. पाहुण्यांना तेही लांब पडू लागलं, तेव्हा तो आणखी खाली आला. शेवटी तो टेकडीच्या पायथ्याशी, मैदानाला लागून स्थिरावला. तिथे पंचांना बसायला ओटाही बांधता आला. यात कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं, सोय पाहिली एवढंच.

धाव दरवर्षी अधिकाधिक लवकर संपू लागली. "पोरं कशी तयार झालीत बघा," थोरले पंच काटेआबा म्हणत. "तहान लागल्यावर विहीर खणणारे आपण नव्हे!" ऐकून आईबापांचा ऊर भरून येई. धाव आहेच म्हटल्यावर पुराचा विषय घरी कशाला काढायचा, असं त्यांना वाटे.

टोचरी या तरुण साळिंदरीला मात्र चैन नव्हतं. आईमागे तिने धाकट्या भावाला, तुरूला, भरवून वाढवलं होतं. धावेत तो नेहमी पहिला येई, आणि त्याच्या गळ्यातली माळ पाहून तिची नजर नदीकडे जाई. एकदा भरसभेत तिने विचारलं, "आबा, धोंडा खाली आला. पाणीही तेवढंच खाली थांबणार आहे का?"

सगळं मैदान हसलं. आबाही हसले. "पोरी, फार विचार केला की काटे गळतात हो."

घरी येताना तुरू म्हणाला, "ताई, तू नको ना येत जाऊस धावेला. मला लाज वाटते." पण आभाळ भरून आलं की टोचरी बिळाच्या तोंडाशी येरझाऱ्या घाली. स्वतःच्या या भित्रेपणाचा तिला रागही येई, आणि तरी पाय थांबत नसत.

मग एका सकाळी नदी उपटलेली झाडं घेऊन वळणावर दिसली. शिट्टी झाली. पोरं धावली, आणि ती धाव खरोखर पाहण्यासारखी होती. रडारड नाही, ढकलाढकली नाही. तुरू पहिला पोचला. ज्यांचे हात धोंड्याला पोचले नाहीत त्यांनी पुढच्याचा हात धरला, आणि सगळी शहाण्यासारखी उभी राहिली. पाणी मैदानात शिरलं.

"वर चला!" टोचरी तुरूला ओढू लागली. "तुरू, वर चल रे!"

"ताई, सोड! हात निघेल माझा, बाद होईन मी!"

पाणी घोट्यांवर आलं. टोचरीला रडू फुटलं. जिच्या हातून घास घेऊन तो मोठा झाला, तिच्या शब्दाने तो तसूभरही हलत नव्हता. मग तिने डोळे पुसले, वळसा घालून ती धोंड्याच्या खालच्या अंगाला आली आणि दोन्ही हात धोंड्याला टेकले.

"बरं. कोणी हात काढू नका. इकडून लावा. आणि ढकला!"

याला नियमात मनाई नव्हती. पोरं सरकत तिच्या बाजूला आली. तुरूने खांदा दिला. धोंडा डुगडुगला, आणि मग टेकडीवर चढू लागला. त्याला चिकटलेले हात त्याच्यामागून चढत होते आणि हातांमागून पाणी.

खाली ओट्यावर काटेआबा उभे होते. पाणी त्यांच्या पोटापर्यंत आलं होतं. शिट्टीत पाणी गेल्याने ती वाजेना, म्हणून ते दोन्ही हात उंचावून ओरडत होते, "थांबा! धोंडा जागचा हलवायचा नसतो! सगळे बाद! सगळे बाद!"