तांबट गप्प बसला

फार पूर्वी तांबट पक्षी फक्त उंबर पिकलं की ओरडायचा आणि त्या एका हाकेला अख्खं रान धावत यायचं. मग त्याला गर्दीची चटक लागली. उंबर नसलं तरी तो दिवसभर ओरडू लागला, "टुकटुक, मी फांदी बदलली! टुकटुक, आज ऊन पडलं!"

"ऊन आम्हालाही दिसतं, बाबा," असं म्हणत खारूताई फणकाऱ्याने निघून गेली. हळूहळू सगळेच पांगले.

पुढे नदीकाठचं उंबर खरोखरच पिकलं. तांबटाने घसा फोडला, पण कोणी फिरकलं नाही. जुन्या दिवसांतली ती पंखांची धांदल आठवून तो रडवेला झाला आणि गप्प बसला.

तिसऱ्या दिवशी खारूताई धापा टाकत आली. "आवाज नाही तुझा! बरा आहेस ना रे?"

लालभडक फळांनी लगडलेल्या फांदीवर जरा सरकून तांबटाने तिला जागा करून दिली.