पंचांगाचे पान

प्राध्यापक उकिडव्यांची नजर अधू झाली होती, तरी दर पाडव्याला सोसायटीत पंचांग तेच वाचत, भिंग धरून. यंदा नवे अध्यक्ष धामणकर सर्वांदेखत म्हणाले, "सर, भिंगबिंग चालणार नाही. स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येत असेल तर वाचा, नाहीतर बसा आता."

आज बसलो तर कायमचेच बसलो, हे सरांना कळत होते. त्यांनी भिंग खाली ठेवले.

"कबूल. तुम्ही दाखवाल ती ओळ वाचतो. फक्त ती तुम्हीही स्वतःच्याच डोळ्यांनी शोधा. चष्मा काढा."

धामणकरांनी चष्मा काढला. पंचांग नाकाशी नेले, मग हातभर लांब धरले. मांडवात हशा पिकला. शेवटी चष्मा लावून त्यांनी भिंग उचलले आणि सरांच्या हातात दिले.